घरी काडतुसं भरताना पावडर दर वेळी सारखी कशी मोजायची?

तुमची अडचण अशी दिसते: अमेरिकेत राहता, .३०८ या रायफलच्या काडतुसासाठी घरीच रिलोडिंग (रिकाम्या काडतुसात पुन्हा पावडर आणि बुलेट भरणं) सुरू केलंय, पावडर व्हारगेट नावाची, हँडल फिरवायचं साधं पावडर मेझर, आणि त्यातून पडणारा चार्ज (एका काडतुसात घालायची पावडर) कधी पाव ग्रेन (वजनाचं छोटं एकक) जास्त तर कधी पाव ग्रेन कमी. मेझर खराब आहे का, की महागडा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा?

मेझर बहुधा ठणठणीत आहे. हे यंत्र वजन करतच नाही, ते आकारमान मोजतं. ड्रममधली पोकळी हॉपरखाली, म्हणजे वरच्या पावडरच्या टाकीखाली येते, भरते, हँडल फिरवलं की खाली रिकामी होते. आता पोकळीत किती माल मावेल हे दाण्यांवर ठरतं. एकाच वाटीत एकदा मोहरी भरा आणि एकदा शेवयांचा चुरा, म्हणजे लक्षात येईल. गोलसर दाण्यांची बॉल पावडर (एच३३५, सीएफई २२३ या नावांच्या) मोहरीसारखी सरकते आणि साध्या मेझरमधूनही एक दशांश ग्रेनच्या आसपास राहते. व्हारगेट ही एक्स्ट्रूडेड, म्हणजे बारीक कांड्यांची पावडर. कांड्या आडव्यातिडव्या पडतात, मध्ये पोकळ जागा राहते, आणि ड्रमच्या कडेशी एखादी कांडी अडकून चक्क कापली जाते. हँडलमध्ये तो 'कर्र' हाताला जाणवतो. तसं झालं की तो चार्ज सरळ हॉपरमध्ये परत टाकायचा, त्यावर विचार करत बसायचं नाही.

तरीही मेझरकडून बरंच काम करून घेता येतं, आणि ते सगळं हाताच्या सवयीवर आहे. हॉपर भरल्यावर पहिले दहा-पंधरा चार्ज परत ओतून टाका, तेवढ्यात पावडर दबून बसते. हॉपर निम्म्याखाली जाऊ देऊ नका. आत बॅफल (आडवी पट्टी) नसेल तर बसवा, म्हणजे वरच्या पावडरीचा भार थेट ड्रमवर येत नाही. मेझर टेबलाला घट्ट आवळा, आणि ज्या टेबलावर प्रेस (काडतूस दाबून बसवायचं यंत्र) हाणताय त्यावर तो नसला तर उत्तम, कारण प्रत्येक दणक्याला हॉपरमधली पावडर आणखी दबते. हँडल वर नेताना आणि खाली आणताना वेग तोच, शेवटचा टकटक आवाज तोच. मध्ये फोन आला तर परतल्यावर पहिले दोन-तीन चार्ज बाजूला काढा. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणारे, १०० आणि २०० यार्डांवर छोट्या छोट्या ग्रुपसाठी (गोळ्या जवळजवळ पडाव्यात म्हणून) जीव टाकतात, आणि त्यांतले कित्येक जण रेंजवरच बसून मेझरमधून भरतात, वजन करत नाहीत. त्यांचा हात बघण्यासारखा असतो.

एक सवय मात्र सोडा: दहा चार्ज एकत्र तोलून दहाने भागणं. सरासरी बरोबर येते आणि आतला चढउतार झाकला जातो. मेझर जुळवताना ही युक्ती ठीक, पण सारखेपणा तपासायचा तर प्रत्येक चार्ज वेगळा तोला आणि आकडे लिहून काढा.

व्हारगेटसाठी मी स्वतः मेझर दोन-तीन दशांश ग्रेन कमी पाडेल असं लावतो, चार्ज काट्याच्या भांड्यात घेतो आणि उरलेलं ट्रिकलरने (दाणे एकेक करून पाडणारी नळी) दाणा दाणा टाकून पुरं करतो. वेळ जातो, पण मी रायफलची काडतुसं शेकड्याने भरत नाही. कमी लांबीच्या कांड्यांची पावडर चालत असेल तर आयएमआर ८२०८ एक्सबीआर मेझरमधून फार छान पडते. मात्र पावडर बदलली की लोडचा डेटा नवा, सुरुवात पुन्हा स्टार्ट चार्जपासून, म्हणजे मॅन्युअलमधल्या सगळ्यात कमी चार्जपासून.

काट्याबद्दल. ०.१ ग्रेन दाखवणारा जुना बीम स्केल (दांडीचा तराजू) आजही उत्तम आहे. तो सपाट ठेवा, त्याचा दर्शक डोळ्यांच्या रेषेत ठेवा, आणि एसीचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नका. आमच्याकडे अ‍ॅरिझोनात एसी वर्षातले आठ महिने चालू असतो, त्यामुळे हे सांगतोय. स्वस्त इलेक्ट्रॉनिक काट्याचा त्रास वेगळा. एकेक दाणा पडत गेला तर त्याला तो शून्याचा सरकाव वाटतो आणि आकडा हलतच नाही. म्हणून शेवटचे दाणे टाकल्यावर भांडं उचलून परत ठेवायचं. भांडं उचलल्यावर पडद्यावर उणे आकडा दिसतो ना, तो चिठ्ठीवर लिहून काट्याला चिकटवा. तो बदलला की शून्य सरकलं. सोबतचं ५० ग्रॅमचं वजन कॅलिब्रेशनला ठीक, पण तुमच्या चार्जच्या जवळपासचं एखादं चेक वेट (माहीत असलेलं ठराविक वजन) हाताशी हवं. आणि बटण चुकून दाबलं जाऊन काटा ग्रॅमवर तर गेला नाही ना, ते बघा: १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. हवा कोरडी असेल तर प्लास्टिकच्या फनेलला कांड्या चिकटतात. कपडे वाळवायच्या यंत्रातली ड्रायर शीट आतून फिरवली की भागतं.

महागडा काटा? ए अँड डीचा एफएक्स-१२०आय ०.०२ ग्रेनपर्यंत वाचतो, म्हणजे व्हारगेटचा जेमतेम एक दाणा. .३०८ मध्ये ढोबळमानाने एका ग्रेनमागे वेग सेकंदाला पन्नास-साठ फुटांनी बदलतो. तुमचा अर्ध्या ग्रेनचा चढउतार म्हणजे पंचवीस-तीस फूट. १०० यार्डांवर तो कागदावर दिसणारही नाही, १००० यार्डांवर उभ्या रेषेत जवळपास फूटभर दिसेल. तुम्ही १००० यार्डांवर मारत नसाल तर तो पैसा चांगल्या बॅरलला, नाहीतर सरळ सरावाच्या बुलेटना लावा. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मात्र घ्या. काटा आपलं कौतुक करतो, क्रोनोग्राफ करत नाही.

चढउताराचा खरा धोका अचूकतेत नाहीच. मॅन्युअलमधल्या कमाल चार्जवर मेझर लावलं आणि ते पाव ग्रेन वरखाली होत असेल, तर काही काडतुसं कमालच्या वर गेलीच म्हणून समजा. म्हणून कमालपासून तेवढं अंतर राखा. लोडचे आकडे पावडर बनवणाऱ्याच्या डेटामधून किंवा छापील मॅन्युअलमधून घ्या. माझ्याकडून किंवा इंटरनेटवरच्या कुणाकडूनही घेऊ नका, म्हणून या उत्तरात एकही लोड दिलेला नाही. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की हॉपर त्याच डब्यात रिकामा करा, कारण रात्रभर पावडर राहिली तर कुठली होती हे सकाळी सांगता येत नाही, शिवाय काही पावडरींनी हॉपरचं प्लास्टिकही खराब होतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार काडतूस बनवायलाच परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत.

पुढे पिस्तुलाकडे वळलात तर एक गोष्ट बदलते. व्हारगेटने .३०८ ची केस (काडतुसाचं पितळी कवच) इतकी भरते की दुसरा चार्ज टाकला तर बाहेर सांडेल आणि चूक लगेच दिसेल. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात जलद जळणाऱ्या पावडरचा चार्ज तळाशी पडून राहतो आणि दुप्पट चार्जही बिनबोभाट मावतो. म्हणून बुलेट बसवण्याआधी सगळ्या केस ब्लॉकमध्ये (खाचांच्या ठोकळ्यात) उभ्या करा, वरून टॉर्च मारा आणि ओळीने आत बघा. एखादीची पातळी वेगळी वाटली तर ती ओळ ओतून पुन्हा भरा.