माळ्यावरचं मशीन ऑपरेशनला न्यायचं का?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही निपाणीचे. मामंजी 66 वर्षांचे, सगळी नोकरी तंबाखूच्या वखारीत, बिडी अजून सुटली नाही. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून 5.8 सेंटीमीटर झालीय, पुढच्या महिन्यात बेळगावला पोट उघडून ऑपरेशन आहे. दोन वर्षांमागं झोपेच्या टेस्टमध्ये तासाला 38 वेळा श्वास अडतो असं आलेलं, सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) आणलं पण मास्क टोचतो म्हणून ते माळ्यावर टाकलंय. घरचे म्हणतात हॉस्पिटलात ऑक्सिजन असतोच की, मशीन कशाला?
– एक सून

उत्तर : ताई, मशीन आजच खाली काढा. तासाला 30 च्या वर म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत घसा बंद होऊन श्वास अडायचा आजार, जोरातला, आणि ऑक्सिजननं बंद झालेला घसा उघडत नाही ओ. उलट बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजनचा आकडा बरा दिसत राहतो आणि आत श्वास थांबलेला लगेच कळत नाही, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्यात ऑपरेशननंतर दुखण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं दिली की घसा आणखी सैल पडतो, मेंदूही श्वास घ्यायची आठवण उशिरा करतो.

लोकांना वाटतं पहिली रात्र निभावली की सुटलो, पण सुरुवातीला गाढ स्वप्नांची झोप जवळपास लागतच नाही, ती साधारण तिसऱ्या-चौथ्या रात्री उसनी फेडल्यासारखी एकदम येते, तेव्हाच श्वास जास्त अडतो आणि नेमकं तेव्हाच पेशंटला आयसीयूतून वॉर्डात आणलेलं असतं. दर अडण्याला बीपी उसळतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि बिडीनं आधीच खराब झालेल्या रक्तवाहिन्यांच्या माणसाला हे झेपत नाही.

मास्क टोचतो म्हणजे बहुतेक साइज चुकलाय, बदलून घ्या, फिल्टर नवा घाला, आणि आत्तापासून रोज रात्री लावायची सवय करा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लावून काही होत नाही. भूलतज्ज्ञांना रिपोर्ट स्वतः हातात द्या, नुसतं "घोरतात" म्हणू नका. मामंजी झोपले की फोनवर दोन मिनिटं व्हिडिओ काढा : घोरणं मध्येच बंद होतं, छाती-पोट हलतंय पण आवाज नाही, मग दचकून मोठा श्वास. तो दाखवा. मशीन-मास्कवर मामंजींच्या नावाची चिठ्ठी चिकटवून ते सोबत न्या आणि वॉर्डात पहिल्याच रात्री नर्सबाईंना सांगा की हे झोपताना लावायचं, दुपारच्या डुलकीलासुद्धा. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि बिडी आजपासून बंद, ऑपरेशनच्या दिवसाची वाट बघू नका.