केबल ट्रे साइटवर कापताना

केबल ट्रे म्हणजे विजेच्या केबल ज्यात ठेवून नेतात ती लांब, उथळ पन्हाळी. पाऊस सरला की कोकणात रखडलेली कामे एकदम सुरू होतात आणि ती कापण्या-जोडण्याबद्दल त्याच त्या शंका पुन्हा येतात. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : ट्रेमध्ये चालू केबल आहेत. जपून ग्राइंडर चालवला तर तुकडा काढता येईल का? (लोटे)

नाही. पुरवठा बंद करून कुलूप लावा, परवानाधारक ठेकेदाराकडून वीज नसल्याची खात्री करून घ्या, केबल बाजूला घ्या, मगच कापा.

प्रश्न : कापलेल्या टोकांना फॅब्रिकेटर सिल्व्हर रंग मारतो. 'जीआय आहे, गंजत नाही' म्हणतो. खरे का? (मिरजोळे, रत्नागिरी)

साफ चूक. जीआय म्हणजे लोखंडच, वर जस्ताचा थर. कापले की कड उघडी पडते. शेजारचे जस्त स्वतः झिजून त्या कडेला काही काळ सांभाळते, पण खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांच्यापुढे ते फार टिकत नाही. सिल्व्हर रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. दिसायला तो जस्तासारखाच, पण जस्ताचे काम तो करत नाही. जस्तयुक्त रंग मागा आणि डब्यावरचे जस्ताचे प्रमाण स्वतः वाचा.

रंगाआधी कड कानशीने घासा, नाहीतर तिची धार केबलचे आवरण फाडते. कापताना ट्रेत पडलेला लोखंडाचा कीस पूर्ण काढा. तो राहिला की ओल लागताच तांबडे डाग उठतात. तेल, धूळ, मिठाचा थर पुसून मगच रंग द्या आणि तो शेजारच्या शाबूत जस्तावरही थोडा चढवा.

दुसरी फसवणूक खरेदीतच होते. बिलावर 'हॉट डिप' (बनवून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेली), हातात मात्र आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याची ट्रे. अशा पत्र्यावर एका बाजूला बहुधा २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास थर असतो. ट्रे बनवून मग जस्तात बुडवली तर दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर सरासरी ५५ मायक्रॉन तरी हवा. भोकांच्या कडा बघा. तिथे उघडे लोखंड दिसले तर माल परत करा. शंका असेल तर थराची जाडी मोजून घ्या.

प्रश्न : तयार बेंड (वळणाचा तुकडा) यायला तीन आठवडे लागतील. बाजूच्या पट्ट्या कापून ट्रे वाकवली तर? (महाड)

वजन त्या बाजूच्या पट्ट्याच पेलतात. त्या कापल्या की ट्रेची ताकद गेली. वाकण अरुंद झाले तर केबलही दुमडते. एकाहून जास्त कोअरच्या (वेगवेगळे आवरण असलेल्या तारांच्या) एलटी म्हणजे कमी दाबाच्या केबलला वळणाची त्रिज्या साधारणपणे व्यासाच्या १२ पट तरी लागते. बेंड आधी मागवायला हवा होता. आता थांबा, आणि नाहीच थांबता आले तर ट्रेच्या निर्मात्याला व डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : जागेवर वेल्डिंग चालेल का? (चिपळूण)

नको. जस्त जळते, त्याचा धूर छातीत गेला की ताप भरतो आणि जोड गंजायला मोकळा होतो. बोल्टची जोडपट्टी वापरा.

प्रश्न : बोल्ट आहेत, मग जोडावर वेगळी अर्थिंगची तार कशाला? (मालवण)

रंग बसलेल्या जोडावर नुसत्या बोल्टचा भरवसा धरू नका. जोड ओलांडून तार घाला, तीही कथिलाचा मुलामा दिलेली. खाऱ्या ओलीत उघड्या तांब्याला टेकलेले जस्त लवकर खाल्ले जाते. तारेचा आकार इंजिनिअरकडून घ्या आणि जोडातून वीज अखंड वाहते का (सातत्य) ते मोजून नोंदवा.

प्रश्न : फायबरची (काचतंतू आणि रेझिनची) ट्रे घेतली तर हा सगळा त्रास वाचेल का? (वेंगुर्ला)

गंजाचा वाचेल. कापलेली कड मात्र निर्माता सांगेल त्या रेझिनने बंद करावी लागते आणि कापताना मास्क-चष्मा हवाच. ही ट्रे वीज वाहून नेत नाही, म्हणून अर्थिंगची तार स्वतंत्र ओढा. ती कुठून न्यायची हे ठेकेदाराशी आधी ठरवा.