मुलांना गाडगेबाबा घरी सांगताना

मुलांना गाडगेबाबा सांगण्याचे आपण मनावर घेतले आहे, तर सुरुवात जन्मतारखेने करू नये. १८७६ साल आणि अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हा तपशील शाळा पाठ करून घेतेच. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना वऱ्हाडी बोलीत असे साधे प्रश्न विचारत, की उत्तरे देता देता माणूस कर्जाचा, दारूचा आणि नवसाच्या बोकडाचा हिशेब स्वतःच मांडू लागे. हीच पद्धत घरी वापरावी. मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मटण आणि दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण वाढले, हा प्रसंग सांगून तिथेच थांबावे आणि ‘भावकी काय म्हणाली असेल?’ एवढेच विचारावे. मुले बोलू लागतात, कधी आपल्याच घरच्या लग्नखर्चावर येतात. तेव्हा त्यांना गप्प करू नये.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. झाडू ही शिक्षा म्हणून मुलांच्या हाती देऊ नये, आणि फक्त मुलीच्या हाती तर मुळीच नाही. रविवारी जिना झाडायचा असेल, तर वडिलांनी आधी उतरावे. चमत्कारांच्या कथाही टाळाव्यात, कारण ज्यांनी जन्मभर अंधश्रद्धेवर आसूड ओढला, त्यांच्याच नावावर त्या खपवणे मला तरी पटत नाही. पंढरपूरला गेलात, तर त्यांनी उभारलेली धर्मशाळा मुलांना अवश्य दाखवावी.