'पेर्ले'चे मराठी : मणी की मोती?

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हार्डांगर भागातील स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखावरील लेखाचे मराठी भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, मूळ लेखातील 'पेर्लेब्रुदेरी' या शब्दासाठी त्यांनी 'मोत्यांचे भरतकाम' असे लिहिले होते, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'मणीकाम' केले; तर या दोहोंत बरोबर कोणते, आणि शब्द 'मणीकाम' असा लिहावा की 'मणिकाम' असा?

भाषांतरकाराची चूक समजण्यासारखी आहे, कारण ती त्यांची नसून 'पेर्ले' या शब्दाची आहे. नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांत 'पेर्ले' आणि स्वीडिशमध्ये 'पॅर्ला' हा एकच शब्द शिंपल्यातील मोत्यालाही चालतो आणि छिद्र पाडलेल्या कोणत्याही मण्यालाही चालतो, मग तो मणी काचेचा असो, लाकडाचा असो वा प्लॅस्टिकचा. कोशात पहिला अर्थ 'मोती' दिसतो आणि भाषांतरकार तेथेच थांबतो. डेन्मार्कमधील रीबे या गावात आठव्या शतकाच्या आरंभी मणी घडवणाऱ्यांच्या भट्ट्या होत्या, आणि तेथे सापडलेल्या मण्यांना डॅनिशमध्ये 'ग्लासपेर्लर' म्हणतात. याचे 'काचेचे मोती' असे भाषांतर केले, तर मराठी वाचकाला ते मोत्याची नक्कल करणारे खोटे मोती वाटतील. प्रत्यक्षात रीबेच्या कारागिरांना मोत्याची नक्कल करायचीच नव्हती. भूमध्य समुद्राच्या परिसरातील जुन्या रोमन इमारतींच्या भिंतींवरून निघालेले काचेचे चौकोनी तुकडे त्यांच्याकडे येत. ते वितळवून मऊ झालेली काच लोखंडी सळईभोवती गुंडाळायची आणि थंड झाल्यावर सळई काढून घ्यायची, म्हणजे आपोआप छिद्र पडलेला मणी हाती येई. या तुकड्यांपैकी काहींवर सोन्याचा वर्ख असे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हे कारागीर असा वर्ख आधी काढून घेत आणि उरलेल्या काचेत हवेचे बारीक बुडबुडे कोंडून तिला पांढरी, अपारदर्शक करीत. हा उद्योग मण्याचाच आहे. त्याला 'मोती' म्हटल्याने त्यातील कसब झाकले जाते.

'पेर्ले' हा शब्द उत्तरेकडे नंतर आला. त्याआधीच्या, स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेत मण्यांसाठी वेगळे शब्द होते. ग्रीनलंडमधील वसाहतीची हकीकत सांगणाऱ्या 'एरिक द रेड'च्या सागेत, म्हणजे जुन्या गद्य आख्यानात, एक भविष्य सांगणारी स्त्री येते. तिच्या गळ्यात 'ग्लेरतोलुर' होते असे तेथे म्हटले आहे. 'ग्लेर' म्हणजे काच. दुसऱ्या भागातील 'ताला' हा शब्द आजच्या आइसलँडिकमध्ये बटणालाही वापरतात आणि संख्येलाही. ओवलेल्या माळेला 'सोर्वी' म्हणत, आणि 'स्तेइनासोर्वी' म्हणजे शब्दशः दगडांची माळ, जरी त्या 'दगडां'त काचेचे मणीही मोजले जात. या सर्व शब्दांत मोती कोठेही नाही. (इंग्रजीतील 'बीड'ची कथा आणखी वेगळी आहे: त्याचा मूळ अर्थ प्रार्थना असा होता, जपमाळेवर प्रार्थना मोजता मोजता तो शब्द मण्याला चिकटला.)

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही, कारण ते आपल्या भाषेपाशी येऊन थांबते. नॉर्स पुराणकथांतील फ्रेया देवीच्या प्रसिद्ध कंठभूषणाचे नाव 'ब्रीसिंगामेन' असे आहे, आणि त्यातील 'मेन' या नॉर्स शब्दाचा अर्थ गळ्यातील अलंकार. लॅटिनमधील 'मोनीले', म्हणजे हार, हा त्याचा नातेवाईक; आणि संस्कृतातील 'मन्या', म्हणजे मानेचा मागचा भाग, हाही त्याच कुळातला. या 'मन्या'पासून मराठीतील 'मान' आली. तेव्हा फ्रेयेचा हार आणि आपली मान हे दूरचे भाऊबंद आहेत, असे म्हणायला हरकत नाही. काही अभ्यासक 'मणि' हा शब्दही याच कुळात घालतात. पण त्यातील 'ण' समाधानकारकपणे उलगडत नाही, म्हणून त्याबाबत मी आग्रह धरणार नाही.

आता मराठीकडे. तपासणाऱ्यांचा 'मणी' हा शब्द योग्य आहे, पण 'मोती' अगदीच चुकीचा ठरवणे मला मान्य नाही, कारण आपल्या घरांत 'मोती' हा शब्द 'पेर्ले'सारखाच सैल वापरला जातो. माझ्या आजीच्या रुखवतात मांडलेली ताटाभोवतीची महिरप 'मोत्यांची' म्हणूनच ओळखली जाई. ती उलटी करून पाहिली, की पांढऱ्या आणि हिरव्या काचेच्या नळ्या आणि दोन-चार ठिकाणी गाठ मारलेला दोरा दिसे. मोती नावालाही नव्हता. तरी तिला 'मण्यांची महिरप' म्हटले असते, तर आजीने नकारार्थी मान हलवली असती. दारावरचे तोरण, कळशीवरचे झाकण, नारळावरची जाळी हे सगळे मोत्यांचेच. सौंदर्यवाचक म्हणून 'मोती' घरगुती बोलण्यात टिकला आहे, आणि तेथे तो राहू द्यावा. परदेशी वस्तूचे वर्णन करताना मात्र वाचकाला वस्तू डोळ्यांसमोर आणण्यापलीकडे मार्ग नसतो, म्हणून तेथे 'मणी'च हवा.

'पोत' हा आणखी एक शब्द सुचू शकतो. काळी पोत म्हटली, की बारीक काचेच्या मण्यांची माळ डोळ्यांसमोर येते, आणि हार्डांगरमधील मणीही बारीकच आहेत. पण वस्त्राविषयीच्या लेखात 'पोत' लिहिले, की वाचक कापडाचा पोत समजेल. त्यामुळे हा मोह टाळावा.

खरा निर्णय माझ्या मते नामावर नसून क्रियापदावर आहे. मणी दोऱ्यात ओवतात, दागिना पटवेकरी गाठवतो, तोरण विणतात आणि कापडावर मणी भरतात. या चारही क्रिया निरनिराळ्या आहेत आणि 'मणिकाम' हा एकच शब्द त्या सर्वांना झाकून टाकतो. हार्डांगरच्या पोशाखात लाल चोळीच्या दोन कडांमध्ये, छातीवर, एक आयताकृती तुकडा बसवतात. त्याला 'ब्रिंगेक्लूत' म्हणतात. 'ब्रिंगे' म्हणजे छाती आणि 'क्लूत' म्हणजे फडके, इतका साधा शब्द. पण या फडक्यावर आठ पाकळ्यांच्या फुलासारख्या भूमितीय नक्षी काचेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या असतात. म्हणून येथे 'मण्यांचे भरतकाम' हेच नेमके होय. भरतकाम करणाऱ्या मराठी वाचकांना 'हार्डांगर' हे नाव पांढऱ्या कापडावरील पांढऱ्या जाळीदार टाक्यांसाठी माहीत असते. ते टाके त्याच पोशाखाच्या एप्रनवर दिसतात, पण त्यांचा मण्यांशी संबंध नाही. भाषांतरात हे एका वाक्यात सांगून टाकावे.

आजच्या कलेकडे वळले, की ही चर्चा पुन्हा उपयोगी पडते. स्वीडनमधील योहान कार्लग्रेन हा कलाकार 'पापास पॅर्लोर' या नावाने प्लॅस्टिकच्या नळीदार मण्यांची चित्रे करून रस्त्यांवर, पायऱ्यांच्या कडेला, खांबांवर लावतो. हे मणी दातेरी पाटीवर एकेक बसवून वरून कागद ठेवून इस्त्री फिरवली, की एकमेकांना चिकटतात; स्कँडिनेव्हियातील मुलांच्या पिढ्या यावर वाढल्या. या मण्यांना ओवणे नाही, भरणे नाही, म्हणून मी त्यांना 'इस्त्रीचे मणी' म्हणेन. कलाकाराच्या नावाचे भाषांतर 'बाबांचे मोती' केले, तर ते लाडाचे वाटेल आणि त्यातील खेळणे हरवेल. 'बाबांचे मणी' म्हटले, की ओट्यावर मुलांनी सांडलेला डबा दिसतो.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. 'मणि' हा मुळात ऱ्हस्वान्त तत्सम शब्द आहे. एकटा असताना आपण तो 'मणी' असा दीर्घ लिहितो, पण समासात पूर्वपदी येताना तो ऱ्हस्व राहतो, जसे 'मणिबंध', 'मणिहार'. त्या नियमाने 'मणिकाम'. आपल्या भाषांतरातील वाक्य मी असे लिहीन: 'चोळीच्या कडांमध्ये छातीवर बसवायच्या या फडक्यावर काचेच्या बारीक मण्यांचे भरतकाम असते.'