मुलाला प्रोजेक्टमधून तीस दिवस बाहेर काढलंय, आता काय?

प्रश्न: माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही ऐरोलीला राहतो. पुढच्या वर्षी गूगल समर ऑफ कोडला (ओपन सोर्समध्ये काम करायला मानधन देणारा गूगलचा उपक्रम) अर्ज करायचा म्हणून तो काही महिने एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टसाठी कोड लिहीत होता. त्याने पाठवलेला एक बदल तिथल्या मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या माणसाने, तीन आठवडे पाहिलाच नाही. रोज विचारूनही उत्तर येईना, तेव्हा चिडून त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "जमत नसेल तर पद सोडा, लोकांचा वेळ फुकट घालवू नका." त्यावर कोड ऑफ कंडक्टचा, म्हणजे आचारसंहितेचा, भंग झाला म्हणून त्याच्यावर तीस दिवसांची बंदी आली. तो म्हणतो, माझा कोड बरोबर होता, आणि लिनक्सचा जनक लिनस टॉर्वाल्ड्स तर याहून वाईट बोलायचा. आता दुसरं अकाउंट काढायचं किंवा त्या मेंटेनरला लिंक्डइनवर गाठायचं त्याच्या मनात आहे. मीही प्रोजेक्टच्या प्रमुखांना पत्र लिहीन म्हणतो. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, नियम मला कळतात. पण पैसा न देणारी ही परकी माणसं माझ्या मुलाचं वागणं ठरवणारी कोण? आणि नोकरीच्या वेळी हा डाग आडवा येईल का?
– एक पालक, ऐरोली

उत्तर: नमस्कार. घाईचं आधी सांगते. दुसरं अकाउंट, लिंक्डइनवरचा मेसेज आणि तुमचं पत्र, तिन्ही आजच्या आज थांबवा.

पुष्कळ प्रोजेक्ट 'काँट्रिब्युटर कव्हेनंट' नावाची तयार आचारसंहिता वापरतात. ती २०१४ मध्ये पहिल्यांदा आली. तिच्या २.१ या आवृत्तीत कारवाईच्या चार पायऱ्या आहेत: खासगीत लेखी समज, इशारा, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी. या प्रोजेक्टने तीच घेतली असेल तर तुमचे चिरंजीव तिसऱ्या पायरीवर उभे आहेत. या मुदतीत ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्याशी किंवा कारवाई करणाऱ्यांशी आपणहून काहीही बोलायचं नाही, जाहीर नाही आणि खासगीतही नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मोडलं तर कायमची बंदी येऊ शकते. म्हणजे नुसतं 'सॉरी' म्हणायला तो लिंक्डइनवर गेला, तरी त्याने नियम मोडलाच. दुसऱ्या नावाने शिरणं तर चक्क फसवणूक. आणि तुमचं पत्र गेलं, की विसाव्या वर्षी मुलगा तिथे शाळकरी ठरेल.

बंदीचा मेल त्याच्याकडून मागून घ्या आणि दोघांनी मिळून वाचा. दाद मागायला पत्ता दिलेला असेल तर तिथे मुलाने, स्वतः, एकदाच लिहावं. मेल वाचताना आणखी एक पाहा. एका वाक्यावर सहसा थेट तिसरी पायरी गाठली जात नाही. आधी समज मिळाली होती का? त्या वाक्याच्या पुढेमागे आणखी काही लिहिलं होतं का? मुलं घरी सांगताना शेवटचा भाग सांगतात, असा माझा अनुभव आहे. विचारा, पण आवाज न चढवता.

आता 'ही परकी माणसं कोण' याबद्दल. सेक्रेटरी म्हणून याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक असायला हवं. रात्री अकरा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'पंप अजून बंद का? जमत नसेल तर राजीनामा द्या' असं टाकलं, तर सकाळी उठून प्लंबरला फोन करायची तुमची इच्छा उरते का? मेंटेनर मंडळींतली कितीतरी माणसं दिवसाची नोकरी संपवून, घरचं आवरून, उरल्या वेळात हे काम करतात. ओपन सोर्सच्या परवान्याने तुमच्या मुलाला कोड घ्यायचा, बदलायचा, हवं तर वेगळी प्रत काढून स्वतःचा प्रोजेक्ट चालवायचा हक्क दिलेला आहे. माझा बदल अमुक दिवसांत तपासा, असं सांगायचा हक्क त्यात कुठेही नाही.

टॉर्वाल्ड्सचा दाखला मुलगा अर्धाच देतोय. ते तसं लिहायचे, खरं आहे. पण सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. त्याच सुमारास लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रोजेक्टने, काँट्रिब्युटर कव्हेनंटवर बेतलेली आचारसंहिता स्वीकारली. ती कागदावरच राहिली म्हणावं, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये बीकॅशएफएस या फाइल सिस्टीमच्या (डिस्कवर फाइली ठेवायच्या व्यवस्थेच्या) मुख्य डेव्हलपरला कर्नलच्या ६.१३ या आवृत्तीपुरतं बाहेर ठेवलं गेलं. कारण दिलं ते कोडमधल्या चुकीचं नव्हतं, सहकाऱ्याला लिहिलेल्या अपमानकारक मजकुराचं होतं. ज्याने अख्खी फाइल सिस्टीम लिहिली त्याला ही वागणूक मिळते, तिथे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला 'माझा कोड बरोबर होता' हे कितीसं उपयोगी पडणार?

'पद सोडा' हे शब्द या लोकांना इतके का झोंबतात, त्याला अलीकडचं एक कारणही आहे. मुलाला एक्सझेडचं प्रकरण वाचायला सांगा. एक्सझेड हे फाइल लहान करायचं साधन बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये असतं, आणि अनेक वर्षं ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे धोशा लावला: काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाकडे द्या. आपली मानसिक स्थिती बरी नसल्याचं त्या माणसाने तिथेच लिहिलं होतं, तरी दबाव थांबला नाही. शेवटी मदतीला आलेल्या एका नव्या व्यक्तीच्या हाती अधिकार गेले, आणि मार्च २०२४ मध्ये उघड झालं की तिच्या हातून त्यात चोरवाट बसवली गेली आहे. ती सापडली कशी? एका इंजिनीअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचं कुतूहल वाटलं म्हणून. दबाव आणणारी ती खातीही त्याच कटातली असावीत, असा दाट संशय आहे. तुमच्या मुलाच्या मनात असलं काही नव्हतं, हे मला मान्य आहे. पण पडद्यापलीकडच्या माणसाला मन दिसत नाही, वाक्य दिसतं.

हे सगळं वाचून मुलाने तिथे मान खाली घालून राहावं, असा अर्थ काढू नका. ही संहिता त्याच्याही बाजूची आहे. 'हे फंक्शन चुकीचं आहे, पुन्हा लिहा' हा कोडवरचा शेरा झाला. तो कितीही कोरडा असला तरी गिळायचा. 'तुला काही येत नाही' किंवा 'तुम्ही भारतीय मुलं नुसता कचरा पाठवता' हा माणसावरचा हल्ला. तो गिळायचा नाही. उलट उत्तरही द्यायचं नाही. आचारसंहितेच्या फाइलमध्ये तक्रारीचा पत्ता असतो, तिथे लिंक आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं ही त्यांची जबाबदारी असते. आपल्याकडची मुलं, मुली तर जास्तच, निमूट सहन करतात आणि सोडून जातात. तो पर्याय मला सगळ्यात वाईट वाटतो.

कचऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात २०२० साली टी-शर्ट मिळतो म्हणून लोकांनी निरर्थक बदलांचा इतका पूर लोटला, की आयोजकांना भर ऑक्टोबरात नियम बदलावे लागले आणि ज्यांना हवं त्याच प्रोजेक्टांचा समावेश करावा लागला. आता त्यात चॅटबॉटने लिहून दिलेल्या, न वाचता चिकटवलेल्या, कोडमधल्या चुकांच्या तक्रारींची भर पडली आहे. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या ओपन सोर्स साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यावर जाहीरपणे वैतागलेले आहेत. अशा ढिगाऱ्यात तुमच्या मुलाचा प्रामाणिक बदल तीन आठवडे पडून राहिला, यात अपमान कसला? रोज 'एनी अपडेट सर?' लिहिणं त्याला अदबीचं वाटत असेल. समोरच्याला ती कटकट वाटते. 'सर' कुणाला नकोच असतं. प्रोजेक्टची मार्गदर्शिका वाचून, टेस्ट चालवून, छोटा बदल पाठवायचा आणि दोनेक आठवड्यांनी एकदा आठवण करायची. तिथे एवढ्यालाच अदब म्हणतात.

नोकरीचं म्हणाल, तर ऐरोली-महापेच्या मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसवर घाऊक भरती करतात. तिथे हे कुणी शोधत बसेल असं मला वाटत नाही. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांचं वेगळं. तिथले इंजिनीअर गिटहब (कोड ठेवायची साइट) उघडतात आणि कोडइतक्याच कॉमेंटही वाचतात. बंदी प्रोफाइलवर झळकत नाही, पण ते वाक्य त्याच्या नावाखाली राहतं. खोडलं तरी ईमेलने गेलेल्या प्रती लोकांकडे असतात. खरी अडचण समर ऑफ कोडची आहे, कारण तिथे अर्ज पारखतात ते त्या-त्या प्रोजेक्टचे मेंटॉरच. याच प्रोजेक्टमध्ये पुढच्या वर्षी निवड होण्याची शक्यता मी कमी धरते. दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये मात्र आजपासून नीट काम केलं तर दार उघडं आहे. मुलाखतीत विषय निघालाच तर झालं ते दोन वाक्यांत सांगायचं आणि पुढे जायचं. लपवायचं नाही.

हे तीस दिवस त्याने घरी धुमसत काढू नयेत. पवईला आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे. ई-सिम (इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी), ओस्डॅग (पोलादी बांधकामाच्या आराखड्यांसाठी) अशी ओपन सोर्स सॉफ्टवेअर तिथे तयार होतात आणि विद्यार्थ्यांना इंटर्नशिपही मिळते. ऐरोलीहून ठाणे, तिथून कांजूरमार्ग, की पवई आलंच. ओपन सोर्सची माणसं समोर बसून कशी बोलतात, एकमेकांचा कोड कसा नाकारतात, हे त्याने एकदा प्रत्यक्ष पाहिलेलं बरं. तुम्ही लॅपटॉप काढून घेण्याचा विचार केला असेल, तर तोही सोडा.

एकतिसाव्या दिवशी, मेलमध्ये वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, ते वाक्य ज्या चर्चेत लिहिलं, तिथेच त्याने तीन-चार ओळी लिहाव्यात. आपल्या चुकीची जबाबदारी घेऊन माफी मागणं, हे या संहितेने चांगल्या वागण्याच्या यादीतच घातलेलं आहे. मी असं लिहिलं, ते अपमानकारक होतं, माफी मागतो. तुमच्या वेळेवर मी हक्क सांगायला नको होता. एवढंच. 'पण तीन आठवडे उत्तर नव्हतं' हे त्यात येऊ द्यायचं नाही, आणि 'आता तरी माझा बदल बघाल का' हे तर मुळीच नाही. माफीचं उत्तर आलं नाही तरी चालेल. बदल पाहायचा की नाही ते त्यांच्यावर सोडून त्याने दुसऱ्या एखाद्या छोट्या इश्यूला, म्हणजे तिथे नोंदवलेल्या अडचणीला, हात घालावा.