केशप्रत्यारोपणासाठी परदेशी जाणे सुरक्षित आहे का?

परदेशात कमी खर्चात केशप्रत्यारोपण करून घेणे सुरक्षित आहे का, असा आपला प्रश्न आहे. जाण्यास हरकत नाही. मात्र शहर किंवा पॅकेज पाहून नव्हे, तर शल्यचिकित्सक पाहून निर्णय घ्यावा. तुर्कस्तानातील इस्तंबूलमध्ये निष्णात डॉक्टर आहेत, तशीच डॉक्टरांच्या नावावर तंत्रज्ञांकडून सगळे काम उरकून घेणारी केंद्रेही आहेत. त्यामुळे भूल कोण देणार, केशमुळे कोण काढणार आणि ती बसवण्यासाठी छेद कोण घेणार, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच लेखी विचारावे. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर तो विषय तेथेच सोडावा.

प्रत्यारोपणासाठी जेथून केस घेतात, त्या डोक्याच्या मागील भागातील केस हे मर्यादित भांडवल असते, कारण तेथून काढलेले मूळ त्या जागी पुन्हा उगवत नाही. केवळ मोबाइलवरची छायाचित्रे पाहून ५,००० ग्राफ्ट (केशमुळांचे छोटे पुंजके) बसवण्याची हमी देणारा माणूस बहुधा डॉक्टर नसून विक्रेता असतो.

लावलेले केस साधारणतः २ ते ६ आठवड्यांत गळतात (यात घाबरण्यासारखे काही नाही), तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे उगवू लागतात आणि अंतिम परिणाम दिसण्यास सुमारे १२ महिने लागतात. म्हणजे तक्रारीला जागा निर्माण होते, तेव्हा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर दुसऱ्या देशात असतो. जंतुसंसर्ग झाल्यास कोण तपासणार, हे आपल्या नेहमीच्या त्वचारोगतज्ज्ञांशी निघण्यापूर्वीच बोलून ठरवावे. तसेच डोक्याची पहिली धुलाई केंद्रातच होईपर्यंत परतीचे विमान धरू नये.