दुपारी दगड, सकाळी सतलज

प्रश्न: सप्टेंबरअखेर शिमल्याहून सतलजच्या काठाकाठाने किन्नौर करत स्पितीतल्या काझापर्यंत जायचा प्लॅन आहे. गाडी मीच चालवणार, सोबत बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६३). मेहुणा म्हणतो कशाला एवढा वळसा, मनालीवरून जा, एका दिवसात काझा. इकडे किन्नौरच्या रस्त्याचे व्हिडिओ बघून बायको नकोच म्हणायला लागलीय. काय करू?
– एक वाचक

उत्तर: मेहुण्याचं ऐकू नका, निदान जाताना तरी. मनालीवरून कुंझुम खिंड लागते, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि त्याच रात्री झोपायचं काझात म्हणजे साधारण ३,६०० मीटरवर, मग एकदम एवढ्या उंचीवर गेल्याने डोकं धरून बसणार सासूबाई आणि ऐकून घेणार तुम्ही. शिमल्याकडून मजा अशी की नारकंडानंतर घाट उतरून आधी तुम्ही पार खाली नदीपाशी येता, रामपूरला उंची जेमतेम १,००० मीटर, चक्क घाम येतो, आणि तिथून नदीसोबत हळूहळू वर. कल्पाला दोन रात्री, मग नाको, ताबो, काझा. घाई नको.

आता बायकोची भीती. व्हिडिओत सगळे तरांडाजवळचा तो कातळ कोरून काढलेला रस्ता दाखवतात, टपावर दगडाचं छत आणि बाजूला सरळ दरी. दिसायला भयंकर आहे खरा, पण मला स्वतःला त्यापेक्षा सुट्या मातीच्या उतारांची जास्त धास्ती वाटते. २०२१च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला डोंगर खाली आला तेव्हा प्रवाशांनी भरलेली बस गाडली गेली होती. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळायचेच, तुमचा सप्टेंबरअखेर बरा आहे.

आणि गाडी सकाळीच चालवायची. ऊन तापलं, दरीतून वारा सुटला की वरची सैल खडी सुटायला लागते, वितळलेल्या बर्फाचे नाले पण दुपारनंतरच फुगतात. एकदा स्पिलोच्या पुढे दुपारी तीनच्या सुमारास आमच्या बॉनेटवर सुपारीएवढा खडा टण्णकन आदळला. मी वर बघायला लागलो तर ड्रायव्हर म्हणाला वर नको साहेब, रस्ता बघा. डांबरावर ताजी बारीक खडी पडली होती, ओलसर, अजून धूळ पण बसली नव्हती. बारीक आली म्हणजे मागून मोठं येऊ शकतं, असं म्हणत त्याने गाडी दोनशे मीटर मागे घेतली आणि आम्ही अर्धा तास बसून राहिलो, मोठं काही आलं नाही पण तेव्हापासून मी फोटोसाठी अशा उताराखाली थांबत नाही. थांबायचं तर गावात नाहीतर पुलापाशी.

रामपूरच्या वरच्या भागात मुलगा विचारेल की एवढ्या मोठ्या नदीत पाणी एवढंसं कसं. त्याला सांगा, नदी डोंगराच्या आत आहे. नाथपाला अडवलेलं पाणी २७ किलोमीटरच्या बोगद्यातून झाकरीच्या १,५०० मेगावॉटच्या वीजघरात जातं. खरी उधाणलेली सतलज बघायची तर नाथपाच्याही वर, पूह गावाच्या बाजूला.

सगळ्यात भारी जागा खाब. तिबेटातून आलेल्या सतलजला इथे स्पिती नदी मिळते, पूल ओलांडला की आपण सतलज सोडून स्पितीच्या बाजूला लागतो आणि का गावाच्या वळणांनी नाकोकडे चढायला सुरुवात. झाड म्हणून नाही, नुसता उघडा डोंगर, आणि प्रत्येक वळणाला नदी अजून बारीक होत जाते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आंधळ्या वळणावर हॉर्न, बास.

कल्पाच्या खाली पोवारीला टाकी फुल करा, पुढे काझापर्यंत जवळपास २०० किलोमीटर आहेत. आपल्याला या रस्त्याला परमिट लागत नाही, ओळखपत्रं मात्र हाताशी ठेवा. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, मळमळ कमी होते. आणि कुंझुम उघडी असेल तर येताना खुशाल मनालीवरून या, मेहुण्याचंही मन राखलं जाईल, फक्त बातलपासून ग्रांफूपर्यंत दगडच जास्त आणि रस्ता कमी असतो हे त्याने सांगितलेलं नसणार.